धार राखावी, डागही राखावेत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी चाकू जमवतो असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग माझ्या खिशाकडे. पुण्यातल्या कोयता गँगच्या बातम्या गावोगाव पोचल्यापासून तर हे बघणं जरा जास्तच वाढलं आहे. तेव्हा आधीच स्पष्ट करतो. माझे चाकू घडीचे आहेत. पातं मिटून मुठीत जातं, मूठ खिशात मावते, आणि पेरू, सुतळी, पोत्याची शिवण, कलमाची काडी यापलीकडे त्यांनी फारसं काही कापलेलं नाही. त्यांच्या जोडीला पक्कड, पेचकस, कानस आणि चाकू एकाच घडीत बसवलेली काही अवजारं आहेत. त्यांना आता सगळेच मल्टिटूल म्हणतात. सगळे मिळून साठ-बासष्ट नग असतील. ते सांभाळायचे कसे, एवढंच मला आज सांगायचं आहे. वाटतं तितकं ते सोपं नाही. यातला निम्मा भाग काय करावं याचा आहे आणि निम्मा काय करू नये याचा, आणि दुसरा निम्मा जास्त अवघड आहे.

अवसरी खुर्दसारख्या गावात हा छंद कुठून आला, असं शहरातले पाहुणे विचारतात. मला त्याचं नवल वाटत नाही. आमच्या आंबेगाव-जुन्नर पट्ट्यात चाकू हे शेतीचं अवजार आहे. सातगाव पठारावर बटाट्याची लागवड असते. मोठं बेणं कापून लावायचं तर प्रत्येक फोडीवर दोन-तीन डोळे आले पाहिजेत, आणि काप स्वच्छ पाहिजे. तिकडे नारायणगावच्या बाजूला द्राक्षाच्या बागा. पावसाळा सरता सरता डॉगरिजच्या खुंटावर पाचर कलमं बांधणारी कसबी माणसं येतात. त्यांतला कुणी आपला चाकू दुसऱ्याच्या हातात देणार नाही. गुलाबाचे, बोराचे डोळे भरणाऱ्यांचा चाकू आणखी निराळा. त्याच्या एका टोकाला साल अलगद उचलायला पितळेची किंवा हाडाची चपटी जीभ असते. एवढे प्रकार आजूबाजूला वापरात असताना ते जमवायला स्वित्झर्लंडला जावं लागत नाही.

माझ्या पेटीत तीन तऱ्हेचे चाकू आहेत. पहिले गावठी. गाडीच्या जुन्या कमानपाट्याचा तुकडा तापवून, ठोकून, पाणी देऊन लोहाराने केलेले. मूठ बाभळीची नाहीतर शिसवाची. दुसरे कारखान्यातले जुने, बहुतेक पुण्याच्या जुन्या बाजारातून बुधवारी किंवा रविवारी उचललेले. त्यांत शेफिल्डचे आहेत, जर्मनीतल्या झोलिंगेनचे आहेत. शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीची खूण म्हणजे एक चांदणी आणि शेजारी माल्टाचा क्रूस. गंजाखाली ती दोन चिन्हं दिसली की माझी हातातली पिशवी खाली ठेवली जाते. तिसरे नवे, नातेवाइकांनी परदेशातून आणलेले.

या तिन्हींची निगा एकसारखी नाही, आणि त्याचं कारण पोलादात आहे. गावठी चाकू आणि जुने शेफिल्डचे चाकू साध्या कार्बन पोलादाचे. धार सुरेख घेतात, पण ओल लागली की गंजतात. नव्यांतले बहुतेक स्टेनलेस. त्या पोलादात साधारण साडेदहा टक्क्यांहून जास्त क्रोमियम असतं. त्याचा एक अतिशय पातळ थर हवेशी संयोग होऊन पात्यावर बसतो आणि आतल्या लोखंडाचं रक्षण करतो. स्टेनलेस म्हणजे डाग न पडणारं, असं आपण समजतो. खरं म्हणजे डाग कमी पडणारं. मिठाच्या पाण्यात ठेवा, किंवा घामट खिशात महिनाभर विसरा, सांध्याच्या आत ठिपके आलेच म्हणून समजा.

आता गंजाविषयी जरा सविस्तर बोलतो, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. कार्बन पोलादावर दोन रंग येतात. एक तांबडा आणि दुसरा काळपट-निळसर. तांबडा गंज भुसभुशीत असतो. तो ओल धरून ठेवतो आणि खाली खाली खात जातो. काळपट थर मात्र घट्ट बसतो आणि खालच्या लोखंडाला थोडंफार वाचवतो. कैरी कापली, बटाटा कापला, केळीचा खुंट तोडला की पातं काळं पडतं ते हेच. आमच्या तालुक्याच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या डोंगरात, महादेव कोळी समाजाची माणसं हिरडा गोळा करतात. हिरड्यातलं तुरट द्रव्य आणि लोखंड एकत्र आलं की काळा रंग तयार होतो. जुन्या काळी शाई अशीच करत. कैरीत आणि केळीच्या चिकातही तोच तुरटपणा असतो. म्हणजे तुमच्या चाकूवरचा काळा डाग ही एका अर्थाने शाईच आहे. त्या चाकूने काय काय कापलं, त्याची नोंद तिच्यात आहे.

ओळखायची पद्धत सोपी आहे. पांढऱ्या फडक्यावर तेलाचे दोन थेंब घ्या आणि पात्यावर घासा. फडक्यावर तांबूस उतरलं तर तो गंज, काढा. काळं तसंच राहिलं तर त्याला हात लावू नका. तांबडा गंज काढायलाही घाई नको. तेल लावून रात्रभर ठेवावं, सकाळी पितळेच्या पट्टीच्या कडेने हलकेच खरवडावं. पितळ पोलादापेक्षा मऊ असल्यामुळे पात्यावर ओरखडा उठत नाही. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, ग्राइंडर यांतलं काहीही नको. आणि चिंच-लिंबू तर मुळीच नको. तांब्याच्या हंड्याला ते ठीक आहे, पोलादाला आंबट लागलं की नवा डाग पडलाच.

माझ्याकडे वडिलांचा कलमाचा चाकू आहे. तो कार्बन पोलादाचा, काळ्या शिंगाच्या मुठीचा. पातं मूळचं बोटभर रुंद होतं. आता करंगळीच्या निम्म्याने उरलं आहे. तीस-पस्तीस वर्षं दर हंगामात दगडावर घासून ते इतकं झिजलं. टोकापासून इंचभर आत एक बारीक खाच आहे. कलम करताना काडीच्या आत तार लागली, त्याची ती खाच. गावात २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथली मुलं अधूनमधून संग्रह बघायला येतात. त्यांच्यातला एक हुशार मुलगा हा चाकू हातात घेऊन म्हणाला, ''काका, वर्कशॉपमध्ये बफिंग मारून देतो, आरशासारखा करून आणतो. खाचही जाईल.'' मुलगा मनापासून बोलत होता, आणि त्याने तो खरोखरच आरशासारखा केला असता. मी नको म्हटलं. त्याला कारण पाहिजे होतं. मी त्याला पात्याची झीज दाखवली. ती एका बाजूला जास्त आहे, टाचेकडे कमी आहे. वडील डावखुरे होते. हे त्या पात्याखेरीज आता दुसऱ्या कुठल्याही वस्तूवर लिहिलेलं नाही. बफिंगच्या चाकाला ते वाचता येत नाही, ते फक्त पुसतं. मुलगा बराच वेळ चाकू उलटसुलट करून बघत बसला. मग त्याने खिशातून मोबाईल काढून झिजेचा फोटो घेतला. ही गोष्ट मला चांगली वाटली.

पण याचा अर्थ जुन्या चाकूला धार लावायचीच नाही असा नाही. धार गेलेला चाकू हा चाकू राहत नाही, आणि बोथट चाकू जास्त घातक असतो. त्याला जोर लावावा लागतो आणि तो घसरतो. मात्र धार म्हणजे दर वेळी थोडं पोलाद खर्ची घालणं. तेव्हा कंजूषपणा करावा. माझा क्रम असा, की आधी चामड्याचा पट्टा. न्हावी वस्तरा परजतात तसा. पुष्कळदा धार गेलेली नसते, नुसती वाकलेली असते. दहा-बारा हात पट्ट्यावर दिले की ती सरळ होते आणि पोलाद जवळपास काहीच जात नाही. तेवढ्याने भागलं नाही तरच दगड. पूर्वी आपल्याकडे कुरुंदाचे दगड असत. या कुरुंदाचं दक्षिणेतलं नाव घेऊनच इंग्रजांनी आपला 'कोरंडम' शब्द बनवला. आता कार्बोरंडमचा दोन बाजूंचा दगड हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. एक बाजू खरखरीत, एक बारीक. खरखरीत बाजू नव्या आणि खाचा पडलेल्या कामाच्या चाकूंसाठी ठेवावी. जुन्यांना बारीकच.

पातं दगडाला किती तिरकं धरायचं? खिशातल्या चाकूला प्रत्येक बाजूने पंधरा ते वीस अंश. अंश मोजायची गरज नाही. पात्याचा पाठीकडचा भाग दगडापासून पात्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश उचलला की वीस अंशाच्या जवळ येतो. कलमाच्या चाकूचं मात्र वेगळं आहे. तो रंध्याच्या पात्यासारखा एकाच बाजूने घासलेला असतो, दुसरी बाजू सपाट. ती सपाट बाजू कलमाला सपाट काप देते. काडी आणि खुंट यांच्यात फट राहिली तर कलम जगत नाही. म्हणून उताराच्या बाजूनेच घासायचं, आणि सपाट बाजू दगडावर अगदी आडवी टेकवून एक-दोनदा ओढायची, बस्स.

सायकलवरचे धारवाले गल्लीत आले की त्यांच्याकडे विळी द्या, खुरपं द्या. घडीचा चाकू देऊ नका. माणसं कष्टाळू असतात, पण त्यांचं चाक कोरडं आणि वेगवान असतं. ठिणग्या उडताना बघायला गंमत वाटते, पण त्याच वेळी पात्याची कड तापत असते. कडेवर निळा रंग आला म्हणजे ती साधारण तीनशे अंशांपर्यंत गेली. लोहाराने किंवा कारखान्याने पात्याला जे पाणी दिलेलं असतं ते तिथे उतरतं. पुढे कितीही घासा, ती कड धार धरत नाही. निळा भाग पुरता झिजवून काढावा लागतो.

सांध्यांविषयी. घडीच्या चाकूचा जीव त्याच्या सांध्यात आणि पाठीवरच्या कमानीत असतो. चांगला जुना चाकू उघडताना 'टक्' असा आवाज येतो. आवाज बसला की आत माती-तेलाचा चिखल झालाय असं समजावं. कोमट साबणाच्या पाण्यात चाकू दहा-वीस वेळा उघडमीट करावा. मूठ लाकडाची, हाडाची किंवा शिंगाची असेल तर भिजत ठेवायचा नाही, फक्त सांध्यावर पाणी सोडायचं. मग खडखडीत कोरडा करायचा. सांध्यात अडकलेलं पाणी काढायला डब्ल्यूडी-४० चांगलं. नावातच पाणी हटवण्याचा उल्लेख आहे. पण त्याला तेल समजू नका, ते पुष्कळसं उडून जातं. त्यानंतर तेलाचा एक थेंब द्यायचा. तेल शिलाई मशीनचं. शेंगदाण्याचं तेल काही महिन्यांत चिकट होतं, खोबरेल थंडीत थिजतं, आणि दोन्हींना खवट वास येतो. ज्या चाकूने खायचं कापता त्याला औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन बरं.

फ्रान्समधला ओपिनेल नावाचा एक चाकू आहे. १८९० साली सॅव्हॉयच्या डोंगरात जोसेफ ओपिनेलने तो बनवला. लाकडाची गोल मूठ, एक पातं आणि १९५५ पासून पातं अडकवायला फिरती कडी. शेतकऱ्यासाठी शेतकऱ्याच्या ऐपतीत केलेला चाकू. आमच्या बाभळीच्या मुठीचा तो लांबचा भाऊच शोभतो. जुलै महिन्यात तो माझ्याकडे उघडेनासा होतो, कारण लाकूड फुगतं. लोक पक्कड लावून पातं ओढतात आणि नखाची खाच मोडतात. काही करायचं नाही. दोन दिवस चुलीजवळच्या फळीवर ठेवायचा, आपोआप उघडतो.

मल्टिटूलला माझ्या मते भावनेची गरज कमी आणि ब्रशची जास्त. टिम लेदरमन नावाचे अमेरिकन इंजिनिअर १९७५ साली जुन्या फियाटमधून युरोप फिरत होते. गाडी सारखी बिघडायची, खिशात चाकू होता पण पक्कड नव्हती. तिथून कल्पना निघाली आणि १९८३ मध्ये पहिलं अवजार बाजारात आलं. शेतात ते फार उपयोगी पडतं. ठिबकची नळी कापा, मांडवाची तार पिळा, स्टार्टरच्या पेटीचा स्क्रू काढा. पण सांधे पंधरा-वीस, त्यामुळे माती साठायच्या जागाही तितक्याच. जुना टूथब्रश, गरम पाणी, मग ऊन, मग तेल. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. याच्या मुठी उघड्या धातूच्या असतात. रात्रपाळीची वीज आल्यावर विहिरीवर एकटं उभं राहून चालू फ्यूजला हे अवजार लावू नका. वायरमनच्या पक्कडीला रबरी मूठ असते, याला नाही.

ठेवायचे कसे? चामड्याच्या म्यानात ठेवू नयेत. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि चामड्याने शोषलेली ओल दोन्ही पोलादाला वाईट. रबरबँड नको, तो चिकटतो. वर्तमानपत्रात गुंडाळू नयेत. ही पुरवणीही त्याला अपवाद नाही, वाचून झाल्यावर दुसऱ्या कामाला वापरा. धुतलेल्या सुती कापडाच्या कप्प्यांची वळकटी शिवून घ्यावी आणि ती पत्र्याच्या डब्यात ठेवावी. नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. दर पावसाळ्याआधी त्या उन्हात चांगल्या तापवून घ्याव्यात.

जुन्या चाकूंत एक छुपा शत्रू असतो. कासवाच्या पाठीसारख्या किंवा मोत्यासारख्या चकाकणाऱ्या काही मुठी सेल्युलॉइडच्या असतात. हे द्रव्य म्हातारं झालं की कुजायला लागतं. आधी कापरासारखा वास येतो, मग आंबूस, मग मुठीला भेगा पडतात. त्यातून निघणारी आम्लाची वाफ शेजारच्या चाकूंना गंजवते. आंब्याच्या अढीतला नासका आंबा जसा. असा चाकू टाकून देऊ नये, पण वेगळा ठेवावा. डबा घट्ट बंद करू नये, आणि विस्तवापासून दूर ठेवावा, कारण सेल्युलॉइड भडकन पेटतं. म्हशीच्या शिंगाच्या मुठीला कीड लागते. वर्षातून दोनदा भिंगाखाली बघावं, बारीक छिद्रं दिसली तर सावध व्हावं. सांबरशिंगाच्या मुठीचा चाकू कुणी देऊ केला तर मात्र मोहात पडू नका. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो, आणि आलाच पाहिजे.

वार्षिक सफाईचा दिवस आपल्या पूर्वजांनी ठरवून ठेवलाच आहे. खंडेनवमी. पावसाळा सरलेला असतो, हवा कोरडी होऊ लागलेली असते. नांगर, कोयता, खुरप्याबरोबर माझी वळकटीही पाटावर उलगडते. सकाळी प्रत्येक चाकू उघडायचा, बघायचा, पुसायचा, तेलाचा थेंब द्यायचा, मग पूजा. फक्त एक पथ्य सांगतो. ओलं हळदकुंकू आणि झेंडूची फुलं पात्यावर रात्रभर राहिली तर दसऱ्याला सकाळी त्याच आकाराचे डाग दिसतात. आमच्या घरात आता मुठीला हळदकुंकू लागतं, आणि फुलं पाटावर वाहतात. देवाची तक्रार आलेली नाही.

कायद्याबद्दल थोडंसं. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत धरले आहेत. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामाचे त्यातून वगळले आहेत. आपले खिशातले चाकू या मापाच्या खूप आत असतात. तरी सणासुदीला आणि निवडणुकीच्या काळात पोलिसांचे मनाई आदेश निघतात. तेव्हा चाकू घरीच बरे. विमानात जवळच्या पिशवीत नेता येत नाही, सामानात द्यावा लागतो. आणि खटका दाबून उघडणारे चाकू मी घेत नाही. त्यांना शेतीत काम नाही.

शेवटी वहीविषयी. पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते बघितलेत का? दिनकर गंगाधर केळकर यांनी दिवे, दौती, दरवाजे, अडकित्ते अशा रोजच्या वापरातल्या सुमारे वीस हजार वस्तू हयातभर फिरून गोळा केल्या. पानाच्या तबकातल्या सुपारीच्या कातरीकडे इतक्या गांभीर्याने बघावं, हे मी तिथे शिकलो. माझ्याकडे तेवढी जागा नाही, तेवढं आयुष्यही नाही. पण वही आहे. प्रत्येक चाकूला क्रमांक, आणि पुढे कुठून आला, कुणी केला, कुणी वापरला, काय कापायचा, पातं किती झिजलं, शेवटचं तेल कधी. बटाट्याचं बेणं कापण्याच्या चाकूपुढे तांबड्या शाईने 'खाण्यास वापरू नये' असं लिहिलं आहे, कारण तो वर्षानुवर्षं मॅन्कोझेबच्या द्रावणात बुडवलेला आहे. माझ्यानंतर घरात कुणी त्याने सफरचंद कापायला नको.

गावठी चाकूंचे रकाने सगळ्यात उशिरा भरले. लोहार पात्यावर नाव घालत नाहीत. आमच्या भागातले भाते एकेक करून बंद झाले. पोरं चाकणच्या कारखान्यांत गेली, तयार कोयते दुकानात आले. एका वयस्कर लोहारबुवांना मी मागच्या हिवाळ्यात पाच चाकू दाखवायला नेले. त्यांना आता नीट दिसत नाही. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि अंगठ्याने प्रत्येकाचा सांधा चाचपला. एकावर थांबले, म्हणाले, ''ही रिवेट आमच्या म्हाताऱ्याची. तो एक ठोका तिरका मारायचा.'' दुसरा त्यांचा स्वतःचा निघाला. तिसरा त्यांच्या चुलत्याचा, असं त्यांनी कमानीच्या ताणावरून सांगितलं. राहिलेले दोन त्यांनी पुन्हा पुन्हा उघडले, मिटले, कानाजवळ नेऊन आवाज ऐकला आणि परत दिले. हे घिसाड्यांचं काम असावं, बेल्ह्याच्या बाजारात विचार, एवढं म्हणाले. ते दोन रकाने अजून रिकामे आहेत. चाकू मी पिशवीत वेगळे बांधून ठेवले आहेत, बाजाराला जाईन तेव्हा बरोबर असावेत म्हणून.